आम्ही डार्करूमवाले, पदवीच्या पोरांना काय शिकवणार?

प्रश्न : मी मराठवाड्यातल्या एका सरकारी रुग्णालयात 26 वर्षं एक्स-रे टेक्निशियन आहे. हँगरला फिल्म लावून डेव्हलपरमध्ये बुडवण्यापासून सुरुवात केली, आता डीआर (फिल्मशिवाय थेट कॉम्प्युटरवर फोटो देणारं) मशीन आहे. गेल्या वर्षापासून पदवीची मुलं इंटर्नशिपला येतात. डीव्हिएशन इंडेक्स वगैरे विचारतात. माझा डिप्लोमा जुना, उत्तर येत नाही, मग ‘गर्दी आहे, नंतर’ म्हणून टाळतो. रोज 80-90 पेशंट. वेळ नाही आणि खरं सांगायचं तर धीरही होत नाही. शिवाय न केलेल्या केससाठी मुलं लॉगबुकवर सही मागतात. काय करू, ताई?

(नाव छापू नये)

उत्तर : भाऊ, मला निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण सकाळी नऊ वाजले की टीएलडी बॅज (अंगावर किती किरणं पडली ते मोजणारा) चाचपायला हात अजून छातीकडे जातो. तेव्हा तुमचं पत्र मी घरातल्या माणसाचं वाचावं तसं वाचलं.

आधी तो इंडेक्स संपवू. शून्य आला म्हणजे ठरवलं होतं तेवढंच एक्स्पोजर, म्हणजे किरणं, डिटेक्टरपर्यंत (फोटो टिपणाऱ्या पाटीपर्यंत) पोचलं. अधिक 3 म्हणजे दुप्पट, उणे 3 म्हणजे निम्मं. मशीनमध्ये लक्ष्याचा आकडा नीट भरलेला हवा, नाहीतर हे सगळं फुकट. झालं! एवढ्यासाठी तुम्ही वर्षभर तोंड चुकवत होतात.

आता पोरांना काय येत नाही ते बघा. आपल्या वेळी एमएएस (किरणांचं प्रमाण) जास्त पडला की फिल्म काळीठिक्कर, कमी पडला की पांढुरकी. चूक हँगरवर पाणी गळत सगळ्यांसमोर टांगलेली असायची. डीआरमध्ये कॉम्प्युटर उजेड-अंधार स्वतःच जुळवून घेतो. जादा एक्स्पोजरचा फोटो उलट जास्त स्वच्छ दिसतो, डॉक्टरही खूश. कमी पडलं तर फोटोत दाणे दिसतात आणि बोलणी बसतात. मग पोरं काय करतात? एमएएस हळूहळू चढवत नेतात. जादा किरणांचं बिल फाटतं पेशंटच्या अंगावर. लुकडा माणूस दारातून आत येताना बघूनच तुमचा हात केव्हीच्या (किरणांच्या जोराच्या) बटणाकडे खाली येतो ना? ते त्यांच्या पुस्तकात नाही. त्या इंडेक्सचा अर्थ तुम्हाला 26 वर्षं माहीत आहे, नाव तेवढं नवीन.

अडचण अशी की आपले हात काम करतात आणि तोंड गप्प असतं. पाठीत वाकलेली आजी छातीच्या फोटोला आली की तुम्ही तिचे हात पालथे कंबरेवर ठेवता, कोपर पुढे ढकलता. का? खांद्याची पाती फुप्फुसावरून बाजूला सरकावीत म्हणून. ट्यूब 180 सेंटीमीटरवर का? जवळून काढलं तर हृदय आहे त्याहून मोठं दिसतं. हे काम करता करता मोठ्याने बोला, तेच शिकवणं. मी तर आजीला सांगायचे, ‘विहिरीत बुडी मारताना घेता तसा श्वास घ्या.’ नुसतं ‘श्वास घ्या’ म्हटलं की त्या खांदे उचलतात, छाती तेवढीच राहते. फोटो आला की मुलाला मागच्या बरगड्या मोजायला लावा. दहा दिसल्या तर श्वास पुरेसा भरलाय.

वेळेचं म्हणाल तर 90 पेशंटांवर शिकवू नका. गर्दी ओसरल्यावरचे दोनच पेशंट मुलाच्या हातात द्या, तुम्ही मागे हाताची घडी घालून उभे राहा. घडी यासाठी की आपले हात मध्ये जातात! माझ्याकडे एक मुलगा सहा महिने होता आणि त्याने सबंध एक फोटोही एकट्याने काढला नाही. दरवेळी मीच कॅसेट हिसकावून घ्यायचे.

आणि एक चूक माझी ऐका. एका विद्यार्थिनीने पेशंटसमोर शंका विचारली, मी तिथेच झापलं. दोन दिवसांनी मनगटाच्या फोटोला मीच चुकीचा मार्कर लावला, उजव्या हाताला ‘एल’. तिने पाहिलं होतं. बोलली नाही. वॉर्डात डॉक्टरांना सुजलेला हात उजवा दिसला म्हणून निभावलं. तेव्हापासून नव्या बॅचला पहिल्याच दिवशी सांगायचे, ‘माझी चूक दाखवली तर चहा माझ्याकडून.’ बरेच चहा पाजले. येत नसेल तिथे ‘मला माहीत नाही, उद्या दोघं बघून येऊ’ म्हणा. पोरं हसत नाहीत, मी अनुभवाने सांगते.

सहीचं मात्र अजिबात ऐकू नका. मूल कितीही गोड असलं तरी, कॉलेजमधून फोन आला तरी. ती सही म्हणजे ‘याने हे माझ्यासमोर केलं’ अशी तुमची साक्ष आहे. रागवायचंही कारण नाही. पेन खिशात ठेवा आणि म्हणा, ‘उद्या नऊच्या आधी ये, मानेचे दोन लॅटरल (बाजूने घेतलेले फोटो) तू काढ, सही तिथेच मशीनवर वही ठेवून करतो.’