हिवाळ्यात रस्त्यांवरचा बर्फ हटवण्याचे काम खासगी कंपन्यांना दिल्याने खर्च वाचतो का, आणि रस्ते सुरक्षित राहतात का?

आपला प्रश्न असा आहे की, कॅनडासारख्या देशात बर्फ हटवण्याचे सरकारी काम कंत्राटावर दिले गेले, त्यात खरोखर पैसा वाचला का, आणि वाचला असल्यास तो प्रवाशांच्या सुरक्षिततेला कात्री लावून वाचला का. मी गेली बारा वर्षे ऑन्टारिओ प्रांताच्या उत्तर भागात, थंडर बे येथे राहतो आणि एका मालवाहतूक कंपनीत ट्रकांच्या फेऱ्या आखण्याचे काम करतो. नोव्हेंबर ते एप्रिल या काळात माझा प्रत्येक दिवस महामार्गाची स्थिती पाहण्यापासून सुरू होतो. त्यामुळे हे उत्तर मुख्यतः ऑन्टारिओविषयी आहे.

माझ्या मते प्लाऊ, म्हणजे पुढे पाते लावलेला बर्फ लोटणारा ट्रक, चालवणाऱ्याचा पगार सरकार देते की कंपनी देते, हा मुद्दा दुय्यम आहे. कंत्राटात नेमके काय मोजले जाते आणि रस्त्यावर प्रत्यक्ष उभे राहून ते कोण पाहते, यावर सगळे अवलंबून असते. ऑन्टारिओमध्ये जे बिघडले ते या दोन ठिकाणी बिघडले.

आमच्याकडचा रस्ता कसा आहे हे थोडक्यात सांगायला हवे. थंडर बेपासून निपिगॉनपर्यंत सुमारे १०० किलोमीटर महामार्ग क्रमांक ११ आणि १७ एकत्र धावतात. कॅनडाच्या पूर्व आणि पश्चिम भागांना जोडणारा दुसरा रस्ता या पट्ट्यात देशाच्या हद्दीत नाही. हा बंद पडला तर ट्रकला अमेरिकेतून वळसा घ्यावा लागतो. दोन्ही महामार्ग उत्तरेत बहुतेक ठिकाणी दोनपदरी आहेत, मधे दुभाजक नाही आणि समोरून चाळीस टनांचा ट्रक येत असतो. अशा रस्त्यावर बर्फ हटवण्याचे काम तीन प्रकारे चालते. प्लाऊच्या पात्याने बर्फ बाजूला लोटतात, मिठाने किंवा मिठाच्या पाण्याने तो रस्त्याला चिकटू देत नाहीत, आणि थंडी फार वाढली की चाकांना पकड मिळावी म्हणून वाळू पसरतात. उणे १२ अंशांच्या आसपास मिठाचा परिणाम मंदावतो, आणि येथे जानेवारीच्या रात्री पारा उणे २० च्याही खाली जाणे नेहमीचे आहे. म्हणून या कामात वेळेला सर्वाधिक महत्त्व आहे. ताजा भुसभुशीत बर्फ पाते सहज लोटते. तोच बर्फ वाहनांच्या चाकांखाली दाबला गेला की त्याचा कडक थर बनतो, आणि मग त्या थंडीत पात्याने तो खरवडला जात नाही आणि मिठाने वितळतही नाही.

ऑन्टारिओने हे काम टप्प्याटप्प्याने बाहेर दिले. १९९० च्या दशकात सुरुवात झाली आणि २००० पर्यंत प्रांताच्या सर्व महामार्गांची हिवाळी देखभाल कंत्राटदारांकडे गेली. तरीही त्या पहिल्या काळात महत्त्वाचे निर्णय परिवहन मंत्रालयाकडे होते. किती यंत्रे ठेवायची, कोणत्या पद्धतीने काम करायचे, हे मंत्रालय सांगत असे. खरा बदल २००९ पासून झाला. नव्या कंत्राटांत मंत्रालयाने पद्धत सांगणे सोडले आणि फक्त निकाल मागितला. वादळ संपल्यानंतर ठरावीक तासांत रस्ता उघडा, म्हणजे डांबर दिसेल असा झाला पाहिजे, एवढीच मुख्य अट राहिली. तो निकाल किती प्लाऊ आणि किती मीठ वापरून साधायचा, हे कंपनीने ठरवायचे होते. किमान पात्रता पूर्ण करणाऱ्यांपैकी सर्वांत कमी दराच्या निविदेला काम मिळत गेले. कागदावर ही रचना समंजस वाटते. जो काम करतो त्याला त्याचे तंत्र ठरवू द्यावे आणि आपण फळ तपासावे, यात वरवर पाहता काहीही चूक नाही.

त्याचे परिणाम एप्रिल २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विशेष अहवालात दिसले. विधिमंडळाच्या लोकलेखा समितीच्या मागणीवरून प्रांताच्या महालेखापरीक्षक बॉनी लायसिक यांनी हा तपास केला होता. त्यातले एक निरीक्षण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. प्रांतातील सर्वाधिक वर्दळीचे महामार्ग वादळानंतर उघडे होण्यास २००९-१० मध्ये सरासरी २.१ तास लागत होते. २०१३-१४ मध्ये त्यासाठी ४.७ तास लागू लागले. आणि या रस्त्यांसाठी ठरवलेली मर्यादा किती होती? वादळ संपल्यानंतर ८ तास, तेही किमान ९० टक्के वेळा. म्हणजे रस्ता निसरडा राहण्याचा काळ दुपटीहून अधिक वाढला, तरी सरासरीने पाहता अट मोडलेली नव्हती. मंत्रालय लोकांना सांगू शकत होते की प्रमाणके पाळली जात आहेत, आणि ते खोटेही नव्हते.

हा भाग नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण कंपन्यांच्या अप्रामाणिकपणापेक्षा येथे आकड्याची निवड अधिक नडली. ८ तास ही कमाल मर्यादा म्हणून लिहिली गेली होती आणि प्रत्यक्षात काम तिच्या कितीतरी आधी पूर्ण होत असे, कारण जुन्या व्यवस्थेत यंत्रे आणि माणसे त्या मर्यादेपेक्षा उदार हिशोबाने ठेवलेली होती. कंत्राटात मात्र ती कमाल मर्यादा हेच उद्दिष्ट झाले. सर्वांत कमी दर भरायचा असेल तर कंपनी २ तासांत काम संपवण्याइतके प्लाऊ कशाला विकत घेईल? निविदेच्या वेळी जो अधिक प्लाऊ गृहीत धरून दर भरेल, तो स्पर्धेत मागे पडेल.

ठोक रकमेच्या कंत्राटात आणखी एक गोष्ट घडते. स्वच्छ आकाशाच्या दिवशी यार्डात उभा असलेला प्लाऊ हा कंपनीच्या दृष्टीने निव्वळ खर्च असतो. सरकारी खात्यात तोच प्लाऊ आगीच्या बंबासारखा मानला जात असे. बंब रोज वापरला जात नाही म्हणून कोणी विकून टाकत नाही. एक साधा हिशोब मांडतो. समजा, एका प्लाऊकडे जाऊन-येऊन ८० किलोमीटरचा टप्पा आहे आणि काम करताना तो ताशी ४० किलोमीटर वेगाने चालतो. तो एकाच जागी दर २ तासांनी येईल. शेजारच्या टप्प्यावरचा प्लाऊ कमी करून त्याचा अर्धा भाग याच्याकडे दिला, तर टप्पा १२० किलोमीटरचा आणि फेरी ३ तासांची होईल. तासाला दोन सेंटिमीटर बर्फ पडत असेल, तर आता पाते पोहोचण्यापूर्वी चारऐवजी सहा सेंटिमीटर बर्फ साठलेला असेल आणि एक तास अधिक वाहने त्यावरून गेलेली असतील. वर सांगितलेला कडक थर येथेच तयार होतो.

मीठ कमी वापरले गेल्याचेही त्या अहवालात आले होते. मात्र मोबदला टनावर दिला असता तर उलट टोक गाठले गेले असते. रस्त्यावरच्या मिठामुळे नद्यानाले आणि भूजल यांचे नुकसान होते, असे कॅनडाच्या केंद्र सरकारच्या २००१ च्या मूल्यमापनात स्पष्ट झालेले आहे, आणि टनामागे पैसे मिळणारा कंत्राटदार गरजेपेक्षा अधिक मीठ टाकण्याचा धोका असतो. त्यामुळे मोबदल्याची कोणतीही पद्धत निवडली तरी मीठ कधी आणि किती, हे पाहणारा जाणता माणूस लागतोच.

तो माणूसच या बदलात बाजूला पडला, याचे मला सर्वाधिक वाईट वाटते. आपल्याकडे सार्वजनिक बांधकाम खात्यात मैलकुली असत. आपल्या टापूतली कोणती मोरी तुंबते आणि कोणत्या वळणावर दरड येते, हे त्यांना ठाऊक असे. येथेही रस्त्याची गस्त घालणारे लोक तसेच होते. कोणत्या उतारावर वारा बर्फ पुन्हा आणून टाकतो आणि कोणत्या पुलावर आधी गोठते, हे त्यांना नकाशाशिवाय माहीत असे. २००९ नंतरच्या व्यवस्थेत गस्त कंपनीकडे गेली, आणि काम वेळेत झाले की नाही हे ठरवण्यासाठी मंत्रालय बऱ्याच अंशी कंपनीने स्वतः भरलेल्या नोंदींवर विसंबून राहिले. परीक्षा देणाऱ्यानेच गुण भरावेत, अशातला हा प्रकार आहे. दंडाची तरतूद कितीही कडक लिहिली तरी दंडाचा आधार त्याच नोंदी असतील, तर ती तरतूद कमकुवत होते.

माझ्या स्वतःच्या कामातला एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी जानेवारीतल्या एका रात्री आमचा एक चालक निपिगॉनच्या पूर्वेला अडकला. तो अनुभवी आहे, पंजाबातून आलेला, येथे चौदा हिवाळे ट्रक चालवलेला. रस्त्याच्या माहितीत त्या भागाची स्थिती ‘अंशतः बर्फाच्छादित’ अशी दिसत होती. प्रत्यक्षात दोन्ही मार्गिका एकसारख्या पांढऱ्या झाल्या होत्या आणि रस्त्याची कड दिसत नव्हती. तीन तासांत त्याला एकही प्लाऊ भेटला नाही. पहाटे तो सुखरूप एका पेट्रोल पंपावर पोहोचला, पण त्या तीन तासांत मी त्याला ‘थांब’ म्हणू शकत नव्हतो, कारण थांबायला जागा नव्हती, आणि ‘पुढे जा’ म्हणण्याचे धैर्य मला होत नव्हते. दुसऱ्या दिवशी मी संबंधित कंत्राटदाराकडे चौकशी केली तेव्हा काम कंत्राटानुसार झाल्याचे उत्तर मिळाले. ते उत्तर बहुधा बरोबरही असावे, आणि म्हणूनच मी ते विसरलेलो नाही.

आता पैशाविषयी. मंत्रालयाच्या खात्यात सुरुवातीला बचत दिसली असेल, पण ती टिकली नाही. २०१३ मध्ये उत्तरेत ५५ आणि २०१४ मध्ये दक्षिणेत ५०, अशी मिळून १०५ यंत्रे मंत्रालयाला जादा पैसे मोजून कंत्राटांत वाढवून घ्यावी लागली. निविदेत जे वगळून दर कमी केला गेला, तेच पुढे वेगळ्या देयकाने विकत घेतले गेले. शिवाय महामार्ग बंद झाला की थांबलेले ट्रक, नासलेला भाजीपाला, रुग्णालयातल्या चुकलेल्या वेळा, यांतले काहीही परिवहन मंत्रालयाच्या हिशोबात येत नाही. आमच्या कंपनीच्या हिशोबात मात्र येते, आणि अखेरीस वाणसामानाच्या किमतीत ते प्रत्येकाकडून वसूल होते.

काम एकदा पूर्णपणे बाहेर दिले की परतीचा रस्ता अवघड होतो, हेही आपण लक्षात घ्यावे. यार्ड, यंत्रे आणि अनुभवी चालक कंपन्यांकडे गेलेले असतात. जानेवारी २०१८ मध्ये ब्रिटनमधील कॅरिलियन ही मोठी कंपनी बुडाली आणि काही दिवसांतच तिच्या कॅनडातील शाखेने धनकोंपासून न्यायालयीन संरक्षण मागितले. तिच्याकडे ऑन्टारिओ आणि अल्बर्टा या दोन्ही प्रांतांतील महामार्गांची देखभाल होती. प्लाऊ थांबले नाहीत, ही चांगली गोष्ट. परंतु ऐन हिवाळ्यात हजारो किलोमीटर रस्त्यांची काळजी ब्रिटनमधल्या एका दिवाळखोरीला बांधलेली होती, हे लोकांना तेव्हा कळले. स्पर्धेमुळे दर आपोआप योग्य राहतात, हेही गृहीत धरता येत नाही. माँट्रियल शहराच्या महानिरीक्षकांनी २०१५ मध्ये बर्फ हटवण्याच्या कंत्राटांची चौकशी केली तेव्हा कंत्राटदारांनी आपसांत बाजार वाटून घेतल्याच्या खुणा त्यांना आढळल्या.

तरीही खासगीकरण सरसकट वाईट, असे मी म्हणणार नाही. ब्रिटिश कोलंबियाने १९८८ मध्येच हे काम बाहेर दिले आणि आज तेथे २८ विभागांत कंत्राटदार डोंगराळ घाटांतून ते करतात. तेथील कामगार पूर्वीच्याच संघटनेचे सदस्य राहिले, त्यामुळे अनुभवी माणसे टिकण्यास मदत झाली असावी. दुसरीकडे सॅस्काचेवान प्रांतात महामार्गांवर मुख्यतः सरकारी खात्याचेच प्लाऊ धावतात. दोन्ही पद्धती चालू शकतात. रात्री दोन वाजता उणे तीस अंशांत, समोर काही दिसत नसताना प्लाऊ चालवणारा माणूस खासगी कंपनीचा असला तरी माझ्यासाठी तो तेवढाच आदरणीय आहे. त्याला किती मोठा टप्पा दिला जातो, एवढाच माझा आक्षेप आहे.

म्हणून कोणी मला असे कंत्राट वाचायला दिले, तर मी दर शेवटी पाहीन. किमान किती यंत्रे कोणत्या यार्डात उभी असतील, ती उभी राहण्याचे वेगळे पैसे मिळतात का, तपासणी करणारा माणूस कंपनीबाहेरचा आहे का, आणि कंपनी बुडाली तर यार्ड व यंत्रे कोणाच्या ताब्यात येतील, हे मी आधी शोधीन. यांतल्या काही बाबतींत ऑन्टारिओने सुधारणा केली आहे. आता प्लाऊ कोठे आहे हे कोणालाही नकाशावर पाहता येते, आणि त्या सोयीचा मला रोज उपयोग होतो. २०२२ मध्ये महामार्ग ११ आणि १७ साठी वेगळा वर्ग करून पूर्वीची १६ तासांची मर्यादा १२ तासांवर आणली गेली. उत्तरेकडचे लोक दक्षिणेतल्या वर्दळीच्या ४०१ क्रमांकाच्या महामार्गाप्रमाणे ८ तास मागत होते. ते मिळाले नाहीत. वादळ चालू असताना कंपनीने काम करत राहणे अपेक्षित असते, पण ज्या तासांवरून तिचे यश मोजले जाते ते तास या १२ तासांच्या नियमातही वादळ थांबल्यानंतरच मोजायला सुरुवात होते, आणि आमचा चालक निपिगॉनच्या पुढे अडकला तेव्हा बर्फ अजून पडतच होता.