विषय पाहून मेल दुसऱ्या पत्त्यावर वळवायचा असेल तर नियम कुठे लिहावा?

तुमची अडचण अशी, की पोस्टफिक्स (मेलची ने-आण करणारा प्रोग्रॅम) आणि डोव्हकॉट (मेलबॉक्स सांभाळणारा) यांच्या सर्व्हरवर बिलांचे मेल तेवढे हिशेबाच्या पत्त्यावर जायला हवेत. पण पोस्टफिक्सच्या हेडर चेक्समधला (हेडर, म्हणजे विषय, पाठवणारा वगैरे मेलच्या वरच्या ओळी तपासण्याची सोय) नियम इंग्रजी विषयाला लागतो, मराठी विषयाला लागत नाही.

नियम चुकीच्या ठिकाणी लिहिला गेलाय. हेडर चेक्सला हेडर जसा आला तसाच दिसतो, आणि मराठी विषय मेलमध्ये बहुतेक वेळा बेस६४मध्ये, म्हणजे इंग्रजी अक्षरं-आकड्यांच्या सांकेतिक रूपात गुंडाळून येतो. तिथे ‘बिल’ हा शब्द सापडणार कसा? दुसरं म्हणजे तिथली ‘रिडायरेक्ट’ ही वळवण्याची कृती त्या मेलच्या सगळ्या प्राप्तकर्त्यांना लागू होते. एक मेल तिघांना आला असेल, तर तिघांचाही वळतो. एवढ्या कारणासाठी तरी तो नियम आजच काढा.

हे काम सिव्हचं, म्हणजे मेल गाळण्याचे नियम लिहायच्या भाषेचं आहे (तिचं इंटरनेट मानक: आरएफसी ५२२८, २००८). डोव्हकॉटमध्ये ते पिजनहोल या जोडप्रोग्रॅममुळे मिळतं. सिव्ह आधी विषय उलगडतं आणि मग तपासतं, शिवाय नियम प्रत्येक मेलबॉक्सपुरता राहतो. मराठी आणि इंग्रजी दोन्ही शब्द ‘एनीऑफ’मध्ये (यातलं कोणतंही एक जुळलं तरी चालेल, अशी अट) घाला, फाइल यूटीएफ-८मध्ये (मराठी अक्षरं नीट साठवणारी पद्धत) सेव्ह करा. मात्र पोस्टफिक्सने मेल डोव्हकॉटच्या एलएमटीपीकडे किंवा एलडीएकडे (मेल मेलबॉक्समध्ये टाकणारे त्याचे भाग) द्यायला हवा आणि तिथे सिव्ह प्लगइन चालू हवं; नाहीतर नियम कितीही अचूक लिहा, तो चालतच नाही.

सिव्हच्या ‘रिडायरेक्ट’ला ‘कॉपी’ (प्रत ठेवण्याचा पर्याय) नक्की जोडा. नुसत्या रिडायरेक्टने मूळ मेलबॉक्समध्ये प्रत राहत नाही. मी एकदा हे विसरलो होतो. पुढचा मेलबॉक्स भरलेला निघाला, मेल पाठवणाऱ्यांकडे परत गेले आणि आमच्याकडे त्यांचा मागमूसही उरला नाही. तेव्हापासून आठवडाभर तरी प्रत ठेवल्याशिवाय मी कोणताही नियम चालू करत नाही.

पुढचा पत्ता बाहेरच्या डोमेनवर असेल तर एसपीएफ (पाठवणाऱ्याच्या डोमेनने परवानगी दिलेल्या सर्व्हरवरूनच मेल आला का, ही तपासणी) आडवा येतो: पाठवणारा मूळचाच राहतो, आयपी मात्र तुमच्या सर्व्हरचा दिसतो. त्यावर एसआरएस (पाकिटावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता तुमच्या डोमेनचा करून लिहिण्याची पद्धत) लावा. डीकेआयएम सही (मेल वाटेत बदलला नाही हे दाखवणारी पाठवणाऱ्या डोमेनची डिजिटल सही) टिकण्यासाठी वाटेत विषयाला किंवा मजकुराला हात लावू नका; विषयापुढे ‘फॉरवर्ड’ जोडण्याचा मोहसुद्धा टाळा.

चालू करण्याआधी एक जुना मेल फाइलमध्ये घेऊन ‘सिव्ह-टेस्ट’ ही पिजनहोलची चाचणी-आज्ञा चालवा. काहीही न पाठवता कोणती कृती होईल ते दिसतं. मराठी विषयाचा एक, इंग्रजीचा एक आणि बिलाशी संबंध नसलेला एक, असे तीन मेल तपासा.