आठवीतल्या मुलीचं फिडे (आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघ) रेटिंग सहा महिने 1430 वर अडकलंय. रोज दोन तास ऑनलाइन बुद्धिबळ खेळते. काय बदलावं?

वेळ वाढवू नका, दोन तास पुष्कळ झाले. फक्त त्यातला खेळ कमी करून अभ्यास वाढवा. तीन-तीन मिनिटांचे वीस डाव खेळले की पहिल्या डावातली चूक विसाव्यातही होते, कारण मध्ये कोणी ती उघडून पाहिलेलीच नसते.

आधी आकड्याबद्दल. मार्च 2024 मध्ये फिडेने 2000 च्या खालची रेटिंग्ज एकदा वर उचलली आणि तळ 1400 ला नेला. त्या हिशेबात जुने 1050 म्हणजे आजचे 1430. तेव्हा ती तळाच्या जवळच आहे, आणि तिथे बहुतेक डाव फुकट दिलेल्या मोहऱ्यावर संपतात. महागडे ओपनिंगचे (डावाच्या सुरुवातीच्या चालींचे) कोर्स आत्ता घेऊ नका. पांढऱ्याकडून एक ओपनिंग, काळ्याकडून ई4 ला (राजापुढचं प्यादं दोन घरं) एक आणि डी4 ला (वजिरापुढचं प्यादं दोन घरं) एक उत्तर, एवढं वर्षभर पुरतं.

खरं काम तिच्या हरलेल्या डावांवर. स्पर्धेत लिहिलेली चालींची शीट घरी आणायची आणि लाकडी पटावर डाव पुन्हा मांडायचा. पहिली 40 मिनिटं इंजिन (चाली तपासणारा संगणक प्रोग्राम) बंद. प्रत्येक वळणावर ‘इथे मी काय विचार केला होता’ हे तिने स्वतःच्या शब्दांत वहीत लिहायचं. मग इंजिन लावून फरक बघायचा. इंजिन आधी लावलं की मुलं ‘हो, हे मला दिसलं होतं’ म्हणून पुढे सरकतात, आणि वही कोरी राहते. प्रत्येक चुकीपुढे कारण लिहायचं: समोरच्याची धमकी दिसलीच नाही, दिसली पण हिशेब चुकला, घड्याळाने घाई केली, की योजनाच नव्हती. वीसेक डाव झाले की एक कारण पुन्हा पुन्हा आलेलं दिसेल. पुढचा महिना त्याच्यावर.

रोज 40 मिनिटं कोडी. आठ-दहाच, पण मोहरा न हलवता पूर्ण उत्तर मनात काढायचं, समोरच्याच्या सर्वांत चिवट बचावासकट, आणि मगच पहिली चाल करायची. ॲपवर पटापट क्लिक करून शंभर सोडवली तर अंदाज बांधायची सवय लागते, आणि पटावर तीच नडते.

शेवटच्या खेळात आधी राजा-प्यादं, मग हत्तींची दोन स्थानं: लुसेना (जास्तीचं प्यादं असलेल्याने जिंकायचं) आणि फिलिडोर (प्यादं कमी असलेल्याने बरोबरी राखायची). फिलिडोरमध्ये बचाव करणाऱ्याने आपला राजा प्याद्याच्या वाटेत ठेवायचा आणि हत्ती प्रतिस्पर्ध्याच्या बाजूने मोजलेल्या सहाव्या ओळीत. प्यादं सहाव्या ओळीत आलं की लगेच हत्ती पहिल्या ओळीत नेऊन मागून शह देत राहायचं. ‘लगेच’ हेच महत्त्वाचं. मुलं हत्ती आधीच मागे नेतात आणि बरोबरीचा डाव घालवतात.

आठवड्यात 15 मिनिटं अधिक दर चालीला 10 सेकंदांचे दोन-तीनच डाव, तेही तपासण्यासाठी.

स्पर्धेत 90 मिनिटं अधिक 30 सेकंद असतील तर 40 चालींना साधारण 110 मिनिटं मिळतात, म्हणजे चालीला पावणेतीन. शीटवर दर पाच चालींनी उरलेला वेळ लिहायला सांगा, नियमात चालतं. चाल आधी लिहून मग खेळायची जुनी शिकवण मात्र आता नियमाबाहेर आहे, पंच टोकतात.

रेटिंगचा हिशेब मुलांच्या बाजूचा आहे. 18 वर्षांपर्यंत, 2300 च्या खाली, के, म्हणजे डावामागे रेटिंग किती हलेल ते ठरवणारा गुणक, 40 असतो. 200 ने वरच्या खेळाडूला हरवलं तर सुमारे 30 गुण मिळतात, बरोबरीला 10, हरल्यास 10 जातात. सारख्याच रेटिंगवाल्याशी हरलात तर 20. म्हणून ‘1600 च्या खालचे’ गट बक्षिसांसाठी बरे असले तरी माझं मत खुल्या स्पर्धेकडे झुकतं. वर्षात चार-पाच, आणि दोन स्पर्धांमध्ये निदान महिनाभर मोकळा, कारण नऊ डाव नीट तपासायला तेवढे दिवस लागतातच.

एका दिवशी दोन फेऱ्या असतील तर मधल्या वेळेत सकाळचा हरलेला डाव काढू नका. जेवण, थोडं चालणं. आणि हॉलबाहेर ‘तो घोडा का दिलास?’ हा प्रश्न तुम्ही विचारायचा नाही. तो वहीत येईलच.