'जोर' म्हणजे संवेग की गतिज ऊर्जा?

प्रश्न असा: सुसाट गाडी, सुटलेला चेंडू, मारलेला स्ट्रायकर, सगळ्यांना आपण 'जोर' हा एकच शब्द लावतो. मग पाठ्यपुस्तकाला 'संवेग' आणि 'गतिज ऊर्जा' असे दोन शब्द कशाला हवेत? आणि यातलं 'अक्षय्य' नेमकं काय?

बोलीतला 'जोर' दोन्ही अर्थ पोटात घालतो आणि एरवी त्यानं काही अडत नाही. कॅरम मांडला की मात्र अडतं. स्ट्रायकर १५ ग्रॅमचा धरा, सोंगटी ५ ग्रॅमची. भरपूर पावडर टाकून सोंगटीला अगदी मधोमध मारा. (टक् आवाजात आणि घासण्यात थोडं जातं, ते सोडून देऊ.) सोंगटी स्ट्रायकरच्या मूळ वेगाच्या दीडपटीनं सुटते आणि स्ट्रायकर निम्म्या वेगानं तिच्यामागे सरकत राहतो. आता वाटणी बघा. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. स्ट्रायकरकडे १५ च्या निम्मे, सोंगटीकडे ५ ची दीडपट, म्हणजे दोघांकडे साडेसात-साडेसात. गतिज ऊर्जेत वेगाचा वर्ग येतो, त्यामुळे तिथे सोंगटी पाऊण हिस्सा पळवते आणि स्ट्रायकरला पावच उरतो. मग सोंगटीला 'जोर' किती मिळाला, अर्धा की पाऊण?

हा घोळ आपलाच नाही. गतीचं खरं माप वस्तुमान गुणिले वेग की वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, यावर जर्मन गणितज्ञ लायब्निट्सनं १६८६ मध्ये फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तच्या मताविरुद्ध वाद उकरला आणि तो पुढे कित्येक दशकं चालला. दोन्ही मापं आपापल्या जागी लागतातच.

आता 'अक्षय्य'. पाठ्यपुस्तकात 'संवेग अक्षय्यता' आणि 'ऊर्जा अक्षय्यता' असतं. दुसऱ्यात 'गतिज' नाही, हे लक्षात घ्या. दोन गाड्या आदळून एकमेकींत अडकल्या, तर गतिज ऊर्जेतला बराच भाग पत्रा चेपण्यात, उष्णतेत, आवाजात जातो. धडकेच्या त्या क्षणापुरता एकूण संवेग मात्र दिशेसकट जवळपास तेवढाच राहतो. नंतर रस्त्याचं घर्षण तो खातं.

'अक्षय' नव्हे, 'अक्षय्य', हेही बरोबर. पाणिनीच्या नियमानं 'क्षय्य' म्हणजे ज्याचा क्षय होऊ शकतो ते. म्हणून अक्षय्य म्हणजे ज्याचा क्षय शक्यच नाही. माझी कुरकुर एवढीच, की हा शब्द अर्धीच बाजू सांगतो: घटत नाही हे कळतं, वाढतही नाही हे कळत नाही. 'संवेगाचे संवर्धन' तर नकोच, संवर्धन म्हणजे जोपासून वाढवणं. परिभाषेची सक्ती नसेल तिथे मी 'एकूण संवेग तेवढाच राहतो' असं सरळ लिहितो.