टेलिफोटो झूम लेन्स: धूसर छायाचित्रे, धूळ आणि बुरशी

प्रश्न: मी अलीकडेच ७०–३०० मि.मी.ची झूम लेन्स घेतली आहे. ७० मि.मी.वर छायाचित्रे स्वच्छ येतात, पण ३०० मि.मी.वर पक्षी नेहमी धूसर दिसतात. लेन्स सदोष आहे का?

उत्तर: बहुधा नाही, आणि याची खात्री तुम्हाला स्वतः करून घेता येईल. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर (ज्याचा सेन्सर ३५ मि.मी. फिल्मच्या चौकटीएवढा असतो) ३०० मि.मी.ला लेन्सला दिसणाऱ्या दृश्याचा कोन कर्णावर जेमतेम ८ अंशांचा उरतो, त्यामुळे हाताचा बारीकसा कंपही चित्रात मोठा होऊन उतरतो. म्हणूनच हातात धरून टिपताना शटरचा वेग किमान १/३०० सेकंद ठेवण्याचा जुना संकेत आहे. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, म्हणजे १.५ क्रॉपचा (ज्याचा कर्ण फुल फ्रेमच्या दीडपटीने लहान असतो) असेल, तर तो १/४५० च्या पुढे न्यावा. लेन्समधील स्थिरीकरण हाताचा कंप सावरते, पक्ष्याची हालचाल मात्र थांबवत नाही. उडत्या पक्ष्यासाठी मी १/१६०० च्या खाली सहसा जात नाही आणि त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) निःसंकोच वाढवतो, कारण त्यामुळे चित्रात येणारे दाणे नंतर कमी करता येतात, हललेले चित्र मात्र सुधारत नाही.

लेन्स तपासायची असेल तर कॅमेरा ट्रायपॉडवर लावा, स्थिरीकरण बंद करा, दोन सेकंदांचा टायमर लावा आणि भिंतीवर चिकटवलेला वर्तमानपत्राचा कागद आठ-दहा मीटरवरून एकदा पूर्ण उघड्या अॅपर्चरला (लेन्समधील प्रकाश आत येण्याच्या छिद्राला) व एकदा ते लहान करून एफ/८ ला टिपा. एफ/८ ला अक्षरे स्पष्ट आली, तर लेन्स ठीक आहे. कागद कॅमेऱ्याला अगदी समांतर असूनही एकच बाजू दर वेळी धूसर येत असेल, तर आतील भिंग सरकलेले असू शकते; तेव्हा ती दुरुस्ती केंद्रातच दाखवावी. हा प्रयोग दुपारच्या उन्हात, लांबच्या वस्तूवर करू नका, कारण तापलेल्या जमिनीवरून उठणारी हवा चित्र थरथरवते आणि तिथे कितीही महागडी लेन्स असली तरी उपयोग होत नाही.

प्रश्न: समोरच्या काचेवर धूळ बसते. ती रोज पुसावी का? लेन्स काही महिने वापरायची नसेल तर कशी ठेवावी?

उत्तर: रोज पुसू नये. समोरच्या काचेवरचे चार कण चित्रात दिसत नाहीत. प्रकाशाकडे तोंड करून टिपताना मात्र दाट धुळीमुळे चित्र फिके पडते. आधी ब्लोअरने कण उडवावेत, मग मऊ ब्रश फिरवावा आणि तरीही डाग राहिला तरच मायक्रोफायबरच्या कापडावर (काचेवर नव्हे) लेन्स द्रावाचा एखादा थेंब घेऊन मधून कडेकडे हलकेच पुसावे. सदऱ्याच्या टोकाने पुसण्याची सवय सोडाच; त्यात अडकलेला कण काचेवरच्या लेपावर कायमचा ओरखडा उमटवतो.

धुळीपेक्षा दमटपणाची काळजी मला जास्त वाटते. बंद बॅगेत महिनोन्महिने पडून राहिलेल्या लेन्समध्ये बुरशी धरते आणि ती लेप खाऊन टाकते. हवाबंद डब्यात ओलावा शोषणारे सिलिका जेल व छोटा आर्द्रतामापक ठेवून आर्द्रता ४० ते ५० टक्के राखावी, जेलचा रंग बदलला की ते सुकवावे. महिन्यातून एकदा लेन्स बाहेर काढून, दोन्ही झाकणे उघडून, मागून टॉर्चचा उजेड पाडून पाहावे; कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती इतर लेन्सपासून लगेच वेगळी ठेवावी आणि स्वतः उघडण्याच्या फंदात न पडता जाणकाराकडे द्यावी.