ल्युपस अँटीकोआग्युलंटला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आलाय की बहिणीच्या रिपोर्टात 'ल्युपस अँटीकोआग्युलंट पॉझिटिव्ह' लिहिलंय, अँटी म्हणजे विरोधी, म्हणजे तिचं रक्त पातळ असणार, मग डॉक्टर उलट गुठळ्या होतील असं का म्हणतात? आणि मराठीत 'ल्युपस गोठणरोधक' चालेल का?

नाही चालणार. भुईमूग जसा मूग नाही तसंच हे.

१९५२ साली कॉनली आणि हार्टमन या डॉक्टरांना ल्युपसच्या (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार) दोन पेशंटांत हा प्रकार दिसला, नळीतलं रक्त गोठायला जास्त वेळ लागत होता. नाव पडलं १९७२ला, आणि गंमत बघा, अशा पेशंटांना गुठळ्या होतात हे १९६३ मध्येच छापून आलं होतं! तरी नाव तेच पडलं.

घोळ आहे तो नळीत. निळ्या टोपणाच्या नळीतलं सायट्रेट कॅल्शियमला अडकवून ठेवतं म्हणून रक्त पातळ राहतं, मग एपीटीटी ही गोठण्याची टेस्ट करताना लॅबवाले प्लाझ्मात (पेशी काढलेलं पातळ रक्त) बाहेरून फॉस्फोलिपिड आणि कॅल्शियम घालून गोठायला किती सेकंद लागले ते मोजतात. फॉस्फोलिपिड म्हणजे कट्टा समजा, ज्यावर बसून फॅक्टर, म्हणजे रक्त गोठवणारी प्रोटीनं, आपलं काम करतात. ल्युपस अँटीकोआग्युलंट म्हणजे खरं तर अँटीबॉडी, त्या येऊन तोच कट्टा अडवतात, सेकंद वाढतात. नॉर्मल माणसाचा प्लाझ्मा मिसळला तरी वेळ नीट खाली येत नाही (फॅक्टर कमी असता तर आला असता), पण फॉस्फोलिपिड भरपूर ओतलं की येतो, कारण कट्टेच वाढले ना. अंगात मात्र याच अँटीबॉडी रक्तवाहिनीचं अस्तर आणि प्लेटलेट चेतवतात, आणि गुठळी होते.

दुसरी टेस्ट तर चक्क घोणशीच्या विषाची आहे, डीआरव्हीव्हीटी, त्यातला 'आर' म्हणजे रसेल, रसेल्स व्हायपर म्हणजे आपली घोणस.

बरं, 'ल्युपस' तरी खरं आहे का? तेही नाही, कितीतरी जणांना ल्युपस नसतोच. या अँटीबॉडी ज्या गटात मोडतात त्याचं नाव 'अँटीफॉस्फोलिपिड', तेसुद्धा अर्धंच खरं, बऱ्याचशा अँटीबॉडी फॉस्फोलिपिडवर बसलेल्या बीटा-२ ग्लायकोप्रोटीन-१ सारख्या प्रोटीनलाच धरतात.

म्हणून माझं मत, नाव इंग्रजीच ठेवा, भाषांतर केलं की चूक मराठीत पक्की होते. घरच्यांना सांगायचं तर 'नळीत रक्त उशिरा साकळतं, अंगात नको तिथे साकळू शकतं' एवढं म्हणा. साकळणे हा नेमका शब्द आपल्याकडे आहेच, आजी अजून वापरते, आपणच गोठणे-गोठणे करत बसतो.