वाचकांचे प्रश्न : वसतिगृह, व्यसन आणि नियम

नवे शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत. महाविद्यालयाच्या आवारात आणि वसतिगृहात दारू, गांजा, तंबाखू यांविषयी नेमके नियम काय आहेत, आणि ते मोडले गेल्यास मुलाचे शिक्षण बुडते का, असे पालकही विचारतात आणि विद्यार्थीही. आपल्या विदर्भात या प्रश्नाला एक वेगळी गुंतागुंत आहे. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, गडचिरोलीत ती १९९३ पासून आहे, चंद्रपुरात २०१५ मध्ये लागू झाली आणि २०२१ मध्ये उठली, तर यवतमाळ आणि अमरावतीत परवानाधारक दुकाने उघडी आहेत. एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात शिकायला गेलेल्या मुलाला वाटते की हद्द ओलांडली की नियमही बदलला. आवाराच्या आत तो कोठेही बदलत नाही. निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझा मुलगा कृषी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे व वसतिगृहात राहतो. त्याच्या खोलीतील दुसऱ्या मुलाच्या कपाटात दारूची बाटली सापडली. दोघांनाही त्याच संध्याकाळी तोंडी सांगून बाहेर काढले. आमच्या गावाला रात्री एसटी नाही. मुलगा बसस्थानकावर झोपला. त्याने दारू प्यायली नव्हती असे तो सांगतो. त्याची पदवी जाईल का? आम्ही कोरडवाहू शेतकरी आहोत, वकील लावण्याची ऐपत नाही.
(एक पालक, आर्णी तालुका, जि. यवतमाळ)

उत्तर : आपल्या पत्रातील काळजी मी समजू शकतो. प्रथम हे सांगतो की वसतिगृहातील प्रवेश आणि अभ्यासक्रमाचा प्रवेश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वसतिगृहाची खोली काढून घेतली म्हणून परीक्षेला बसण्याचा अधिकार आपोआप जात नाही. त्यासाठी महाविद्यालयाने किंवा विद्यापीठाने शिस्तभंगाची स्वतंत्र कारवाई करावी लागते आणि ती लेखी असावी लागते.

आता नियमांकडे वळू. राज्यात महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ लागू आहे. ज्या जिल्ह्यांत दुकाने उघडी आहेत, तेथेही दारू विकत घेण्यासाठी, बाळगण्यासाठी आणि पिण्यासाठी परवाना लागतो, आणि तो कडक दारूसाठी २५ वर्षे, तर बिअर व वाइनसाठी २१ वर्षे पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही. पदवीच्या दुसऱ्या वर्षातील मुलगा बहुधा १९-२० वर्षांचा असतो. म्हणजे वसतिगृहाचा नियम बाजूला ठेवला तरी कायद्यानेच त्याला दारू बाळगता येत नाही. त्यावर वसतिगृहाचा स्वतःचा नियम येतो. प्रवेशाच्या वेळी विद्यार्थी आणि पालक ज्या हमीपत्रावर सही करतात, त्यात मादक पदार्थ आणणार नाही, सेवन करणार नाही, सेवन करून येणार नाही, असे बहुतेक ठिकाणी लिहिलेले असते. ज्याचे वय २५ झाले आहे आणि ज्याच्याजवळ परवाना आहे, अशा संशोधक विद्यार्थ्यालाही हा नियम लागू असतो. त्या हमीपत्राची प्रत आपल्याजवळ नसेल, तर ती आधी मागावी. शासकीय किंवा अनुदानित संस्था असेल, तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली नियमावली आणि हमीपत्राची प्रत मागता येते व ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते.

आपल्या मुलाच्या बाबतीत खरा प्रश्न हा आहे की दुसऱ्याच्या कपाटातील वस्तूसाठी त्याला जबाबदार धरता येते का. खोली एक असली तरी कपाट वेगळे असेल, कुलूप वेगळे असेल आणि त्याला बाटलीची माहिती नसेल, तर केवळ खोलीत राहतो म्हणून तो दोषी ठरत नाही. परंतु त्याला माहीत असेल आणि त्याने ते दडवले असेल, तर वसतिगृह त्याबद्दल जाब विचारू शकते. अंमली पदार्थांच्या बाबतीत तर हे अधिक गंभीर आहे, कारण अंमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या कायद्यातील कलम २५ नुसार आपल्या ताब्यातील खोली जाणूनबुजून अशा गुन्ह्यासाठी वापरू देणाऱ्यालाही त्या गुन्ह्याचीच शिक्षा होऊ शकते. म्हणून मुलाला समोर बसवून, न रागावता, त्याला नेमके काय माहीत होते हे विचारावे. जे खरे असेल तेच अर्जात लिहावे. माझ्या अनुभवात अर्धे सत्य लिहिलेले अर्ज नंतर मुलाच्याच अंगावर येतात.

कार्यपद्धतीविषयी मात्र आपली बाजू भक्कम आहे. शिक्षा करण्यापूर्वी आरोप लेखी कळवणे, विद्यार्थ्याला त्याचे म्हणणे मांडू देणे, आणि मग कारणांसह लेखी आदेश देणे, हे नैसर्गिक न्यायाचे किमान मागणे आहे. तोंडी आदेशाने रात्री मुलाला रस्त्यावर काढणे या चौकटीत बसत नाही. मुलगा बसस्थानकावर झोपला, हे मला फार अयोग्य वाटते. शिस्त राखण्याची जबाबदारी ज्यांच्यावर आहे, त्यांच्यावरच त्या रात्रीपुरती मुलाच्या सुरक्षिततेचीही जबाबदारी होती; पालकांना फोन करून सकाळपर्यंत त्याला तेथेच ठेवता आले असते.

आपण प्राचार्यांच्या किंवा अधिष्ठात्यांच्या नावे साध्या मराठीत अर्ज करावा: लेखी आदेश द्यावा, पंचनाम्याची प्रत द्यावी, सुनावणी घ्यावी आणि तोपर्यंत वर्गात व प्रात्यक्षिकांना बसू द्यावे. आवक शाखेत देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्यावी. दाद लागली नाही, तर विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जाता येते. ही समिती विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार स्थापन होते, संस्थेच्या स्वतःच्या नियमांविरुद्ध झालेली कारवाई तिच्या कक्षेत येते, आणि तिने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. त्यावर विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील आहे. कृषी विद्यापीठांची स्वतःची शिस्तविषयक नियमावलीही असते. तीत अपिलाची वेगळी तरतूद आहे का, हे त्याच अर्जात विचारून घ्यावे. यांपैकी कशालाही वकील लागत नाही.

प्रश्न : माझा मित्र दीड वर्षापासून रोज गांजा ओढतो. आता त्याला सोडायचा आहे, पण दवाखान्यात गेलो तर पोलीस केस होईल आणि कॉलेजातून काढतील, अशी त्याला भीती आहे. दुसरे मित्र म्हणतात की एक किलोपर्यंत गांजा जवळ ठेवला तर कायद्याला चालतो. हे खरे आहे का?
(एक विद्यार्थी, अमरावती जिल्हा)

उत्तर : एक किलोची ही गोष्ट मी अनेक मुलांच्या तोंडून ऐकली आहे आणि ती पूर्णपणे चुकीची आहे. गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ या कायद्यात गांजाचे अल्प प्रमाण एक किलोपर्यंत आणि व्यापारी प्रमाण २० किलोपेक्षा जास्त धरले आहे. हे आकडे शिक्षा किती, हे ठरवण्यासाठी आहेत. सूट देण्यासाठी नाहीत. दहा ग्रॅम बाळगणे हाही गुन्हा आहे आणि त्यासाठी एक वर्षापर्यंत सश्रम कारावास किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. नुसत्या सेवनासाठी कलम २७ खाली सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. शिवाय शिक्षणसंस्थेत किंवा तिच्या लगत गुन्हा घडला, तर कलम ३२-ख प्रमाणे न्यायालय किमान शिक्षेपेक्षा अधिक शिक्षा देताना ही बाब विचारात घेऊ शकते. जो मित्र इतरांसाठी पुडी आणून देतो, त्याने तर हे नीट समजून घ्यावे. पैसे घेतले नाहीत, केवळ मैत्रीखातर आणून दिली, या सबबीला फारसा अर्थ उरत नाही.

पण तुमच्या मित्राला मी भीती दाखवणार नाही, कारण तो उपचाराकडे निघाला आहे आणि कायदा याच वाटेवर त्याच्या बाजूने उभा आहे. याच अधिनियमातील कलम ६४-क असे सांगते की सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी माणूस शासनाच्या किंवा शासनमान्य रुग्णालयात स्वतःहून व्यसनमुक्तीचे उपचार घेईल, तर त्या आरोपांसाठी त्याच्यावर खटला चालणार नाही. उपचार अर्धवट सोडल्यास हे संरक्षण काढून घेता येते, एवढेच लक्षात ठेवावे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार दारू व अंमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित अवस्था मानसिक आजारात मोडतात आणि रुग्णाची माहिती गोपनीय ठेवण्याचे बंधन उपचार करणाऱ्यांवर आहे. डॉक्टरांनी प्राचार्यांना कळवावे, अशी काही रीत नाही.

तेव्हा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या मनोविकार विभागात जावे. नागपूरला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. आधी नुसते बोलायचे असेल, तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानसचा १४४१६, हे दोन्ही क्रमांक निःशुल्क आहेत. गांजा सोडताना झोप न येणे, चिडचिड, भूक मरणे हे काही दिवस होते व ओसरते. मित्र सोबत दारूही रोज घेत असेल, तर मात्र ती एकाएकी बंद करू नये. सवय जुनी व भारी असल्यास पहिल्या दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात किंवा भ्रम होऊ शकतो, आणि ते जिवावर बेतते. हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावे.

येथे माझे स्वतःचे मत नोंदवतो. जो विद्यार्थी पकडला जाण्यापूर्वी स्वतःहून मदत मागतो, त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई होणार नाही, असे एक वाक्य प्रत्येक विद्यापीठाने आपल्या नियमावलीत छापावे. संत गाडगे बाबा आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराज यांची नावे आपल्या दोन विद्यापीठांनी धारण केली आहेत. दोघांनीही आयुष्यभर गावोगावी फिरून दारूविरुद्ध लोकांना समजावले. त्या दोन विद्यापीठांनी हे वाक्य सर्वांत आधी छापावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

प्रश्न : मी अकरावीला आहे. आमच्या संस्थेचे वसतिगृह पदवीच्या मुलांसोबत एकत्र आहे. ओळखीच्या पार्टीच्या नावाखाली सीनिअर मुलांनी आम्हाला हायवेवरच्या ढाब्यावर नेले आणि दारू प्यायला लावली. एक मुलगा बेशुद्ध पडला. सर म्हणतात की हे कॉलेजबाहेर घडले, आम्ही काय करणार?
(नाव नको, बुलडाणा जिल्हा)

उत्तर : तुझ्या सरांचे म्हणणे बरोबर नाही. महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम, १९९९ संस्थेच्या आत आणि बाहेर, दोन्हीकडे लागू आहे. त्यात दोन वर्षांपर्यंत कारावास व दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे, आणि दोषी ठरलेल्याला संस्थेतून काढून पाच वर्षे दुसरीकडे प्रवेश मिळत नाही. तक्रार आल्यावर तिच्याकडे दुर्लक्ष करणारा संस्थाप्रमुखही या कायद्याच्या कचाट्यातून सुटत नाही. तू अठरा वर्षांखालील आहेस, त्यामुळे ज्यांनी तुला दारू दिली, त्यांच्यावर बाल न्याय अधिनियम, २०१५ चे कलम ७७ लागते. त्यात सात वर्षांपर्यंत सश्रम कारावास आणि एक लाखापर्यंत दंड आहे. तुला जबरदस्तीने पाजली गेली, यात तुझा काहीही अपराध नाही, हे आधी मनात पक्के कर. आई-वडिलांना सांग, त्यांच्यासह प्राचार्यांना लेखी तक्रार दे, आणि तेथे कोणी ऐकले नाही तर १०९८ या बालकांच्या क्रमांकावर किंवा रॅगिंगविरोधी १८००-१८०-५५२२ या क्रमांकावर फोन कर.

बेशुद्ध मुलाविषयी सर्वांनीच वाचावे. दारू पिऊन हाक मारूनही न उठणाऱ्या माणसाला कुशीवर वळवावे, म्हणजे उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जात नाही. त्याला एकटे सोडू नये, ओकारी काढण्यासाठी घशात बोट घालू नये, अंगावर गार पाणी ओतू नये, लिंबू-पाणी किंवा ताक पाजू नये. श्वास मंद किंवा थांबत थांबत चालत असेल, अंग थंड पडले असेल, तर १०८ ला फोन करावा. झोपू द्या, सकाळी उतरेल, या एका वाक्याने मुले दगावतात. गृहपालांना कळवल्यास शिक्षा होईल या भीतीने मित्र गप्प बसतात. म्हणून ज्याने रुग्णवाहिका बोलावली त्याला शिक्षा नाही, असे गृहपालांनी पहिल्याच सभेत सांगून ठेवले पाहिजे.

प्रश्न : कॉलेजच्या फाटकासमोरच्या पानठेल्यावर दिवसभर खर्रा घोटला जातो. मुले पन्नी घेऊनच वर्गात जातात. आमच्या बचत गटाच्या बाया काय करू शकतात?
(सिंदेवाही तालुका, जि. चंद्रपूर)

उत्तर : खर्ऱ्याला आपल्याकडे कोणी नशा म्हणत नाही, हेच मोठे दुखणे आहे. सुपारी, तंबाखू आणि चुना यांचे हे मिश्रण आहे, आणि त्यातील सुपारीनेच तोंडाची आतली त्वचा ताठर होऊन तोंड उघडेनासे होते. ही कर्करोगापूर्वीची अवस्था आहे. तंबाखू नियंत्रणाच्या २००३ च्या कायद्यातील कलम ६ नुसार शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकता येत नाहीत, आणि १८ वर्षांखालील मुलाला तर कोठेही विकता येत नाहीत. गटाने फाटकापासून ठेल्यापर्यंत टेपने अंतर मोजावे, छायाचित्र काढावे, आणि प्राचार्य, ठाणेदार व अन्न व औषध प्रशासनाचे जिल्हा कार्यालय या तिघांना एकच अर्ज द्यावा. ग्रामसभेचा ठराव जोडला तर अधिक बरे. ठेलेवाल्याशी आधी बोलून पाहावे. तोही गावचाच माणूस आहे, आणि ठेला शंभर यार्डांपलीकडे हलवण्यास तो तयार होऊ शकतो. दारूच्या परवानाधारक दुकानाविरुद्ध महिलांना आडव्या बाटलीचा, म्हणजे मतदानाने दुकान बंद करण्याचा, जो मार्ग मोकळा आहे, तो खर्ऱ्याला लागू नाही.

प्रश्न : आमच्या घरी सणाला देवापुढे मोहाची दारू ठेवतात व सगळे घेतात. मुलगा सणाहून वसतिगृहात परतला तेव्हा वास आला म्हणून त्याला सर्वांसमोर जातीवरून बोलले. चूक कोणाची?
(एक आई, कुरखेडा तालुका, जि. गडचिरोली)

उत्तर : दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतील. सेवन करून वसतिगृहात येणे नियमाविरुद्ध आहे, मग ते सेवन कोठेही व कोणत्याही कारणाने झालेले असो. आणि दारूबंदी अधिनियमाखाली हातभट्टी गाळणे हाही गुन्हा आहे, हे आपल्याला सांगणे माझे कर्तव्य आहे. म्हणून मुलाने सणाच्या दिवसांत मोह घेऊ नये, हे उत्तम. नियम मोडल्याबद्दल गृहपाल त्याला लेखी समज देऊ शकतात.

परंतु त्याच्या जातीवरून किंवा जमातीवरून चारचौघांत अपमान करण्याचा अधिकार कोणालाही नाही. अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९ खाली असा हेतुपुरस्सर अपमान गुन्हा ठरू शकतो. ज्यांच्यासमोर हे घडले, त्या दोन-तीन मुलांची नावे व बोललेले शब्द मुलाने आजच वहीत तारखेसह लिहून ठेवावेत, आणि आपण आदिवासी विकास प्रकल्पाच्या प्रकल्प अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्यावी. त्या तक्रारीत मुलाने मोह घेतला होता हे लपवू नये.